व्हिनाइल साइडिंग कापताना पातं उलटं का बसवतात

अमेरिकेत आणि कॅनडात लाकडी सांगाड्याच्या घरांवर बाहेरून आडव्या पट्ट्यांचं जे आवरण (साइडिंग) दिसतं, ते बऱ्याचदा व्हिनाइलचं, म्हणजे पीव्हीसीचं असतं. एक पॅनेल साधारण १२ फूट लांब असतं आणि जाडी ०.०४० ते ०.०४६ इंच, म्हणजे जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर. विजेच्या करवतीने कापताना जे काही बिघडतं त्यातलं बहुतेक या पातळपणामुळेच. लाकूड जाड असल्यामुळे दात्याचा मार सोसतं. व्हिनाइलला दाता लागला की ते थरथरतं, वर उचललं जातं आणि कडेचा टवका उडतो. कडाक्याच्या थंडीत टवक्यावर भागत नाही, लांब तडा जातो.

म्हणून सगळ्यात आधी पात्याकडे बघायचं. ७ १/४ इंची सर्क्युलर सॉ (हातात धरायची, गोल पात्याची करवत) विकत घेताना तिच्यावर बहुधा २४ दात्यांचं कार्बाइडचं पातं असतं. ते चौकटीची लाकडं कापायला ठीक, इथे नको. प्लायवुडसाठी मिळणारं बारीक दात्यांचं साधं पोलादी पातं घ्या (१४० दात्यांच्या आसपासचं) आणि ते उलटं बसवा. मोटर नेहमीच्याच दिशेने फिरते, फक्त पातं पालथं असतं. त्यामुळे दात्याच्या टोकाऐवजी त्याची पाठ पुढे येते. सरळ बसवलेला दाता आकड्यासारखा पॅनेलमध्ये घुसून त्याला ओढतो, उलटा दाता खरवडत जातो. लाकडाला हे चालणार नाही, पण मिलिमीटरभर प्लास्टिक खरवडायला एवढं पुरतं.

कार्बाइडचं पातं उलटं लावणारेही भेटतात, पण मला ते पटत नाही. कार्बाइडच्या टिकल्या दात्याच्या पुढच्या अंगाला डाखलेल्या असतात आणि त्यांना मागून पोलादाचा टेकू असतो. पातं उलटं फिरलं की मार थेट डाखावर येतो. पोलादी पातं स्वस्तात मिळतं, मग ही जोखीम कशाला? आणि उलट्या पात्याने व्हिनाइलखेरीज दुसरं काहीही कापू नका. लाकडाची एखादी पट्टीसुद्धा नाही. करवतीवर ‘पातं उलटं आहे’ अशी चिकटपट्टी लावून ठेवा आणि काम संपल्यावर पातं काढूनच करवत जागेवर ठेवा. पातं बदलताना प्लग किंवा बॅटरी काढलेली असावी, हे वेगळं सांगायला नको.

पॅनेल रुंदीत कापायला माइटर सॉ (टेबलावर बसवलेली, वरून खाली ओढायची करवत) जास्त सोयीची, पण तिची पोच आधी मोजा. ‘डबल ५’ पॅनेलचा (पाच-पाच इंचांच्या दोन पट्ट्यांचं एक पॅनेल) दिसणारा भाग १० इंच असतो, खिळ्यांची पट्टी, म्हणजे खिळ्यांसाठी भोकं असलेली वरची कड, धरून रुंदी त्याहून जास्त भरते. न सरकणारी १० इंची माइटर सॉ एका दमात सहा इंचांच्या आसपासच कापते. त्यामुळे पुढे-मागे सरकणारी स्लायडिंग सॉ हवी, नाहीतर सर्क्युलर सॉ आणि काटकोनी पट्टी. जे-चॅनल (पॅनेलचं टोक ज्या खाचेत शिरतं ती कडेची पट्टी) आणि कोपऱ्यांच्या पट्ट्यांना मात्र साधी माइटर सॉ उत्तम. भारतातून ग्राइंडर आणला असेल तर तो पेटीतच राहू द्या. २३० व्होल्टचं यंत्र इथल्या १२० व्होल्टवर धड चालत नाही, आणि चाललं तरी ग्राइंडरची चकती व्हिनाइल कापण्याऐवजी वितळवते.

पात्याखालोखाल महत्त्वाचा आधार. दोन घोड्यांवर (सुतारकामाच्या चौपायी आधारांवर) १२ फुटी पॅनेल नुसतं टाकलं तर ते मधोमध झोल घेतं, दोन्ही टोकं फडफडतात आणि काप जातो तिथेच चिरतं. घोड्यांवर प्लायवुडची लांब पट्टी टाका, तिच्या मागच्या कडेला एक सरळ लाकूड ठोका आणि खिळ्यांची पट्टी त्याला टेकवा. पॅनेल सुलटं ठेवा, दर्शनी बाजू वर. करवतीच्या तळपट्टीने तिच्यावर ओरखडे उठतात, म्हणून तळपट्टीला मास्किंग टेप लावा. कापाच्या दोन्ही बाजूंना हाताने दाब हवा. गठ्ठा करून कापायचा मोह होतो, पण एका वेळी एकच पॅनेल कापलेलं बरं. गठ्ठ्यातली पॅनेलं एकमेकांवर घसरतात आणि मापं चुकतात.

करवत पूर्ण वेगात आल्यावरच पातं पॅनेलला लागू द्या. मग सावकाश, पण मध्ये न थांबता पुढे न्या. घाई केली की टवके उडतात. एका जागी रेंगाळलात किंवा पातं बोथट असलं की कड वितळते आणि पात्यावर प्लास्टिकची पुटं चढतात. वितळल्याचा उग्र वास आला तर थांबा, कारण तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ४० अंश फॅरनहाइटच्या खाली व्हिनाइल ठिसूळ होतं. अशा दिवशी पॅनेलं गॅरेजमध्ये ठेवून एकेक बाहेर काढा.

कापलेली कड फार देखणी नसली तरी बिघडत नाही. ती जे-चॅनलच्या किंवा कोपऱ्याच्या खाचेत लपते. तड्याचं मात्र तसं नाही, विशेषतः खिळ्यांच्या पट्टीजवळच्या. प्रत्येक कापानंतर टोक हलकेच वाकवून बघा. केसाएवढी जरी चीर दिसली तरी तेवढा भाग छाटून टाका किंवा ते पॅनेल आखूड जागेसाठी ठेवा. नाहीतर तीच चीर पुढच्या हिवाळ्यात पसरते.

कितीही सुबक कापलं तरी माप चुकलं की सगळं वाया. साडेबारा फुटांचं पॅनेल ऊन-थंडीच्या फरकाने अर्धा ते पाच अष्टमांश इंच लांब-आखूड होतं. म्हणून दोन्ही टोकांना पाव-पाव इंच मोकळं सोडायचं, ४० अंशांखाली काम करत असाल तर ३/८ इंच. समजा एका जे-चॅनलच्या खाचेच्या तळापासून दुसऱ्याच्या तळापर्यंत ९४ इंच भरले, तर उन्हाळ्यात पॅनेल ९३ १/२ इंच कापा, थंडीत ९३ १/४. ही जागा सोडली नाही तर जुलैत भिंतीवर लाटा उठतात. अर्थात जागा सोडूनही खिळे घट्ट ठोकले तर तेच होणार. खिळा भोकाच्या मध्यावर असावा आणि त्याच्या माथ्याखाली साधारण १/३२ इंच फट राहावी.

कुठलं टोक कापायचं हेही आधी ठरवा. पॅनेलच्या टोकांना कारखान्यातच खाच पाडलेली असते, म्हणजे शेजारचं पॅनेल त्यावर इंचभर चढतं. ते टोक जोडासाठी राखा आणि जे-चॅनलमध्ये जाणारं टोक कापा.

आता करवत कुठे नको ते. पॅनेल लांबीत उभं चिरायचं असेल, उदाहरणार्थ छज्ज्याखालची शेवटची ओळ, तर टेबल सॉ काढू नका. दर्शनी बाजूवर युटिलिटी नाइफने मध्यम दाबाने रेघ मारा आणि पॅनेल पुढे-मागे वाकवा. रेघेवर ते स्वच्छ तुटतं. खिडकीखालच्या खाचेला पत्रा कापायची कात्री आणि चाकू. खाचेची रुंदी खिडकीच्या रुंदीपेक्षा अर्धा इंच जास्त, म्हणजे दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच. उभे काप कात्रीने घ्यायचे, आडवी रेघ चाकूने. कात्रीची पाती दर वेळी शेवटपर्यंत मिटू नका, टोकाशी कड चेंगरते. जिगसॉ चालते, पण तिच्या वर-खाली हादऱ्यांनी पॅनेल नाचतं. वापरायचीच असेल तर धातूसाठीचं बारीक दात्यांचं पातं लावा. नळ किंवा पाइपसाठी गोल भोक पाडताना होल सॉ पाइपपेक्षा पाव इंच मोठी घ्या. खाली लाकूड ठेवा, मधला ड्रिल बिट आत शिरला की ड्रिल उलट दिशेने फिरवा.

भिंतीवर बसवलेल्या पॅनेलला सर्क्युलर सॉ लावू नका. झिप टूलने (पॅनेलांची अडकण सोडवायच्या आकड्याने) पॅनेल सोडवा, खाली काढा आणि टेबलावर कापा. ड्रायरच्या व्हेंटभोवती वगैरे जागेवरच कापणं भाग असेल तर ऑसिलेटिंग मल्टिटूल (झपाट्याने डावी-उजवीकडे हलणाऱ्या छोट्या पात्याचं यंत्र), तेही कमी वेगावर. मागे विजेची तार असू शकते, म्हणून आधी ब्रेकर बंद करा. १९७८ च्या आधीचं घर असेल तर व्हिनाइलखालच्या लाकडावर शिशाचा रंग असू शकतो, आणि काही जुन्या घरांवर ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या फरश्या असतात. तपासणी झाल्याशिवाय त्या थरात कुठलंही पातं घालू नका.

डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क आणि कानांना संरक्षण हवं. भुसा स्थिर विजेने कपड्यांना चिकटतो आणि झाडूने उडतो, तेव्हा व्हॅक्यूमने ओढा. उरलेले तुकडे जाळू नका. दोन-तीन पूर्ण पॅनेलं मात्र गॅरेजमध्ये सपाट ठेवून द्या. काही वर्षांनी त्याच रंगाच्या नावाने नवा माल मिळाला तरी भिंतीवरचा रंग उन्हाने फिका पडलेला असतो, म्हणून दुरुस्तीसाठी दर्शनी भागावर नवं पॅनेल लावू नका. घराच्या मागच्या बाजूचं काढून पुढे लावा आणि ठेवणीतलं मागे.