क्यू आला कुठून?

सप्टेंबर २०१३. एनएसए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने बाहेर काढलेल्या कागदपत्रांवरून नुकत्याच बातम्या आल्या होत्या की ही संस्था एन्क्रिप्शनच्या, म्हणजे माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवण्याच्या, मानकांमध्येच कच्चे दुवे ठेवून देते. पाठोपाठ एनआयएसटी या अमेरिकी मानकसंस्थेने कळवलं : ड्युअल ईसी हा रँडम नंबर जनरेटर, म्हणजे अंदाज बांधता येणार नाही अशा संख्या तयार करणारी पद्धत, वापरू नका. हा जनरेटर २००६ साली त्यांनीच मानकात घातला होता.

व्हीपीएन उपकरणांमधला (इंटरनेटवरून सुरक्षित जोडणी देणाऱ्या यंत्रांमधला) क्रिप्टोचा, म्हणजे एन्क्रिप्शनचा, कोड तपासणं हे माझं काम. ते पत्रक वाचलं आणि हातातलं सगळं बाजूला ठेवलं. एन्क्रिप्शनची किल्ली रँडम नंबरमधूनच तयार होते. तो नंबर कुणाला आधीच कळत असेल, तर बाकीचं गणित कितीही भक्कम असलं तरी उपयोग शून्य.

आमची क्रिप्टो लायब्ररी, म्हणजे एन्क्रिप्शनचा तयार कोड, विकत घेतलेली होती. आमच्या उपकरणांत दुसरा जनरेटर निवडलेला होता, कारण ड्युअल ईसी बाकीच्यांपेक्षा कित्येक पट संथ. पण एका ग्राहकाने तीच लायब्ररी घेऊन स्वतःची आवृत्ती बांधली होती. तिची सेटिंग्ज मागवून घेतली. जनरेटरची ओळ रिकामी होती, म्हणजे डिफॉल्ट चालू. आणि डिफॉल्ट होता ड्युअल ईसी. इतका संथ जनरेटर कुणी डिफॉल्ट का ठेवावा, याचं तांत्रिक उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

ड्युअल ईसीचं गणित एका वक्रावरच्या बिंदूंवर चालतं. मानकाच्या परिशिष्टात पी आणि क्यू असे त्या वक्रावरचे दोन बिंदू छापलेले होते, लांबलचक संख्यांच्या रूपात. क्यू कसा निवडला, याबद्दल अक्षर नव्हतं. मायक्रोसॉफ्टच्या शुमो आणि फर्ग्युसन यांनी २००७ मध्येच दाखवून दिलं होतं की या दोन बिंदूंमधलं नातं ज्याला ठाऊक, त्याला पुढचे सगळे नंबर काढता येतील. हे मला वाचून माहीत होतं. त्या दुपारी सहकाऱ्याबरोबर करून पाहिलं. एक गुप्त संख्या निवडली, तिच्यावरून आमचा स्वतःचा क्यू बनवला आणि चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये छापील क्यूच्या जागी बसवला. जनरेटर एका वेळी ३० बाइट देतो, १६ बिट कापून ठेवतो. म्हणजे त्या कापलेल्या १६ बिटांच्या तपासायच्या शक्यता फक्त ६५,५३६. थोड्या वेळात स्क्रीनवर पुढचा नंबर आला. मग जनरेटरला तो काढायला लावलं. अक्षर न् अक्षर तोच. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

संध्याकाळी ग्राहकाला फोन केला. त्यांच्या अभियंत्याने सगळं ऐकून विचारलं, “आम्ही आमचा क्यू बनवून घातला तर?” प्रश्न अगदी रास्त होता. मानक तशी मुभाही देत होतं. पण अमेरिकी सरकारला माल विकायचा तर फिप्स हे सुरक्षिततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, आणि ड्युअल ईसी ठेवून ते हवं असेल तर छापील बिंदूच वापरावे लागत. माझा खरा संताप इथे आहे. ज्या बिंदूंचं मूळ कुणी सांगत नाही, तेच वापरल्याशिवाय या जनरेटरला सुरक्षिततेचा शिक्का मिळत नव्हता!

एनएसएला मजबूत क्रिप्टो बनवता येत नाही असं नाही. १९७० च्या दशकात डीईएस या अमेरिकी एन्क्रिप्शन मानकातले एस-बॉक्स, म्हणजे बिटांची अदलाबदल ठरवणारे तक्ते, त्यांच्या सल्ल्याने बदलले गेले तेव्हा लोकांनी बरीच वर्षं संशय घेतला. १९९० च्या सुमारास बिहॅम आणि शमीर या संशोधकांनी नव्या हल्ल्याची पद्धत मांडली, तेव्हा कळलं की त्या बदलाने डीईएस त्याच हल्ल्यापुढे मजबूत झालं होतं. अर्थात किल्ली मात्र ५६ बिटांचीच, म्हणजे तोकडी, ठेवली गेली. रक्षण आणि चोरून ऐकणं ही दोन्ही कामं एकाच संस्थेकडे असतील, तर तिने दिलेली संख्या यातल्या कुठल्या कामासाठी आहे हे बाहेरच्याला कळायला मार्गच नसतो. ही कामं वेगळी व्हायलाच हवीत. मानक ठरवणाऱ्या टेबलावर हेरखात्याला जागा नको, निदान त्याने दिलेल्या प्रत्येक संख्येचा उगम छापल्याशिवाय तरी नको.

त्या ग्राहकाला एचमॅक या वेगळ्या पद्धतीवर आधारलेला जनरेटर लावून दिला. तो त्याच मानकातला, त्यामुळे प्रमाणपत्राची अडचण नव्हती. नवी आवृत्ती रात्रीच गेली. मानकातून ड्युअल ईसी अधिकृतपणे वगळायला मात्र जून २०१५ उजाडला.