सिराक्यूज: एक सकाळ एका भिंतीसाठी

इटलीच्या सिसिली बेटावर जाणारी मुंबईची मंडळी बहुधा आठवड्याभरात अख्खं बेट उरकतात. पालेर्मो, अग्रिजेन्तो, ताओर्मिना, एटना. तिसऱ्या दिवसापासून सगळे खांब सारखेच दिसायला लागतात, आणि त्यात नवल काही नाही. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच, की दोन पूर्ण दिवस सिराक्यूजला द्या आणि त्यातली एक सकाळ एकाच भिंतीसाठी राखून ठेवा.

ही भिंत ऑर्तीजियात आहे. हे सिराक्यूजचं मूळ ठाणं, पुलांनी जोडलेलं छोटंसं बेट. कोरिंथ या ग्रीक शहरातून आलेल्या लोकांनी इ.स.पू. 734 च्या सुमारास इथे वस्ती केली. इ.स.पू. 480 मध्ये हिमेराच्या लढाईत कार्थेज या उत्तर आफ्रिकेतल्या सत्तेचा पराभव केल्यावर सिराक्यूजच्या गेलॉन या सत्ताधीशाने अथीना या ग्रीक देवतेचं देऊळ उभारलं. दर्शनी बाजूला 6 खांब, लांबीला 14. आजचं कॅथेड्रल म्हणजे तेच देऊळ.

चौकातून मात्र हे अजिबात कळत नाही. समोर दिसतो तो अठराव्या शतकातला बरोक, म्हणजे नक्षीदार भपकेबाज शैलीतला, दर्शनी भाग. 11 जानेवारी 1693 च्या भूकंपानंतर वास्तुकार आंद्रेआ पाल्माच्या आराखड्यावरून तो बांधला गेला. लोक फोटो काढतात, आत डोकावतात, निघतात. तुम्ही आधी डाव्या हाताच्या गल्लीत वळा. या व्हिया मिनर्व्हामध्ये कॅथेड्रलची उत्तरेकडची भिंत आहे आणि तिच्यात देवळाचे डोरिक खांब (ग्रीकांची साधी, दणकट खांबशैली) अर्धे रुतलेले आहेत. बुंध्याशी व्यास सुमारे 2 मीटर. दोन खांबांमधली जागा दगडांनी चिणून काढलेली. वरच्या कडेला किल्ल्यासारखे कंगोरे आहेत, ते नॉर्मन, म्हणजे उत्तर फ्रान्सहून आलेल्या राज्यकर्त्यांच्या काळातले. खांबांच्या माथ्यांकडे नीट पाहा. काही ओळंब्यात नाहीत, भूकंपांनी सरकलेत.

आता आत जा. ग्रीक देवळात मधोमध बंद गाभारा आणि त्याच्याभोवती खांबांची रांग असते. पूजाविधी बाहेर उघड्यावर चालायचे. चर्चमध्ये उलट, सगळा समुदाय आत मावायला हवा. सातव्या शतकात बिशप झोसिमोसच्या काळात यावर फार हुशारीची तोड निघाली. बाहेरच्या खांबांमधल्या फटी बुजवल्या, तीच चर्चची भिंत झाली. गाभाऱ्याच्या दोन्ही लांब भिंतींत 8-8 कमानी कापल्या आणि मधली जागा मोकळी झाली. त्यामुळे मध्यभागी उभं राहिल्यावर दोन्ही बाजूंना जे जाड चौकोनी खांब वाटतात, ते खांब नव्हेतच. ती गाभाऱ्याची कापून उरलेली भिंत आहे. हे लक्षात घेतलं नाही तर आतलं काहीच जुळत नाही. उजवीकडच्या पहिल्या कोनाड्यात बाप्तिस्म्याचं पात्र आहे: मूळचं ग्रीक संगमरवरी भांडं, खाली तेराव्या शतकातले 7 छोटे ब्राँझचे सिंह. 878 मध्ये अरबांनी शहर घेतल्यावर इथे मशीद झाली, नॉर्मन आल्यावर पुन्हा चर्च.

मुंबईहून निघण्याआधी फोर्टमधल्या एशियाटिक सोसायटीसमोर दहा मिनिटं थांबा. 1833 मध्ये पूर्ण झालेल्या त्या टाउन हॉलचे खांबही डोरिकच. उभ्या पन्हळी, साधा माथा. पन्हळी वर जाताना कशा निमुळत्या होतात ते एकदा डोळ्यांत बसलं, की सिराक्यूजच्या भिंतीत गाडलेला खांबही लगेच ओळखता येतो.

देऊळ टिकलं ते सतत वापरात राहिलं म्हणून, असं माझं ठाम मत आहे. सिराक्यूजच्याच नेआपोलिस भागातल्या पुरातत्त्व उद्यानातलं ग्रीक नाट्यगृह पाहा. डोंगराच्या खडकात कोरलेल्या पायऱ्या उरल्या, पण रचलेले घडीव दगड सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी ऑर्तीजियाच्या तटबंदीसाठी उचलून नेले. जवळच्या दगडखाणीत ‘डायोनिसिअसचा कान’ नावाची 23 मीटर उंच गुहा आहे. इ.स.पू. 413 मध्ये हरलेल्या अथेन्सच्या सैनिकांना सिराक्यूजच्या अशाच खाणींत डांबलं होतं. तिथे वेळ घालवा, घाई नको.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांचा इथे हमखास विरस होतो. मे-जूनमध्ये या नाट्यगृहात ग्रीक नाटकांचे प्रयोग असतात आणि त्यासाठी दगडी पायऱ्यांवर लाकडी फळ्या घालतात. नाटक पाहायचं असेल तर उत्तम, दगड पाहायचा असेल तर ते दिवस टाळा. ऑगस्टही नको. सिराक्यूजजवळच 11 ऑगस्ट 2021 ला 48.8 अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, आणि उद्यानात सावली कमी आहे. दिवाळीची सुट्टी सगळ्यात सोयीची.

मुंबईहून थेट विमान नाही. कुठेतरी बदलून कातानियाला उतरायचं, तिथून बसने साधारण सव्वा तास. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. कॅथेड्रलमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि अंधार लवकर पडतो, म्हणून दिवाळीत उद्यान सकाळी उरका आणि कॅथेड्रलसाठी दुसरी सकाळ ठेवा.