‘वेड्याच्या दवाखान्यात’ शिकायचं तरी काय असतं?

मानसशास्त्रात पीएच.डी. झाली, आता अमेरिकेत मनोरुग्णालयात पोस्टडॉक, असं सांगितलं की गावाकडे दोन प्रश्न ठरलेले. गोळ्या देता का? आणि डिग्री मिळाल्यावर परत शिकायचं काय? नागपुरातल्या चौकालाच आपण ‘पागलखाना चौक’ म्हणत आलो, तिथे आत नेमकं कोणतं काम चालतं हे कुणाला ठाऊक असणार?

पहिल्याचं उत्तर सोपं. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ लिहितात. अमेरिकेतली काही मोजकी राज्यं सोडली तर सायकॉलॉजिस्टला (मानसशास्त्रज्ञाला) तो अधिकार नाही. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे.

पीएच.डी. किंवा साय.डी. (प्रत्यक्ष उपचारांवर भर असलेली मानसशास्त्रातली डॉक्टरेट) यांच्या शेवटी वर्षभराची इंटर्नशिप असते. पोस्टडॉक म्हणजे त्यानंतर, लायसन्स मिळायच्या आधी, वरिष्ठाच्या देखरेखीखाली केलेलं काम. कॅलिफोर्नियात एकूण ३००० तास लागतात आणि त्यातले किमान १५०० डॉक्टरेटनंतरचे. काही राज्यांनी ही नंतरच्या तासांची अट काढून टाकली आहे, म्हणून अर्ज करण्याआधी ज्या राज्यात लायसन्स घ्यायचं तिथल्या बोर्डाचे नियम वाचावेत. वर लायसन्ससाठी ईपीपीपी ही परीक्षा असते: २२५ प्रश्न, सव्वाचार तास, त्यातले १७५ च प्रश्न गुणांत धरले जातात.

घोळ बहुतेक वेळा कागदांत होतो. कॅलिफोर्नियात देखरेखीचा करार काम सुरू होण्याआधी सह्यांनिशी तयार लागतो, दर आठवड्याच्या तासांची नोंद ठेवावी लागते आणि आठवड्याला ४४ च्या वर तास धरत नाहीत. दिवसरात्र राबून लवकर उरकू म्हणणाऱ्याचे वरचे तास वाया जातात. आपल्या मुलांसाठी आणखी दोन खाचखळगे आहेत. माजी सैनिकांची सरकारी रुग्णालयं प्रशिक्षणासाठी फक्त अमेरिकी नागरिकांनाच घेतात, त्यामुळे यादीतल्या कितीतरी चांगल्या जागा तिथेच बाद होतात. आणि विद्यार्थी व्हिसावरची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, साधारण १२ महिन्यांची, तर न्यूरोसायकॉलॉजीसारखी (मेंदू आणि वर्तनाचा अभ्यास) फेलोशिप दोन वर्षांची. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा कोण करणार, हे मुलाखतीतच विचारून घ्यावं. लाजून चालत नाही.

आता वॉर्ड. सकाळी टीमची बैठक: डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सायकॉलॉजिस्ट. रात्री कोण किती झोपलं, कुणी गोळी नाकारली, कुणाला जास्तीची द्यावी लागली, हे आधी. बहुतेकांवर दर १५ मिनिटांनी नजर टाकतात आणि धोका जास्त असेल तर एक माणूस सतत सोबत. तीव्र आजाराच्या वॉर्डात रुग्ण बहुतेक दिवसांच्या हिशोबात राहतो, म्हणून ‘पुढच्या भेटीत बोलू’ ही सवय पहिल्याच महिन्यात मोडावी लागते. पुढची भेट होईलच असं नाही. पंधरा मिनिटं मिळाली तर तेवढ्यात सुरू केलेलं तेवढ्यातच संपवायचं.

कॅलिफोर्नियात ५१५० या कलमाखाली माणसाला मर्जीविरुद्ध ७२ तास ठेवता येतं, पुढे ५२५० खाली आणखी १४ दिवस. बांधून ठेवायची वेळ आलीच तर तासाभरात अधिकृत व्यक्तीने समक्ष येऊन तपासायचं, आणि प्रौढांसाठी एक आदेश जास्तीत जास्त चार तास चालतो. आपल्याकडेही २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधायला सरसकट बंदी घातली आहे, हे गावात किती जणांना माहीत आहे कोण जाणे.

चाचण्यांत नवशिके फसतात. भरती होऊन एकच दिवस झालेला, झोपेचं औषध अंगात असलेला माणूस स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या ३० गुणांच्या मोका चाचणीत १७ वर येतो आणि अहवालात ‘स्मृतिभ्रंशाची शक्यता’ उमटते. चार दिवस थांबलं असतं तर ती उमटली नसती. शिवाय मोकात घनाकृती काढायला सांगतात. मेळघाटातल्या, कोरकू बोलणाऱ्या, कधी पेन्सिल न धरलेल्या आजोबांना ती आकृती जमली नाही तर मोजली गेली ती शाळा, मेंदू नव्हे. बारा वर्षं किंवा कमी शिकलेल्याला एक गुण वाढवून देतात, पण तेवढ्याने भरपाई होत नाही.

नोंदी लिहिणं हा प्रशिक्षणाचा निम्मा भाग म्हटला तरी चालेल. ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ हे वाक्य सुपरव्हायझर खोडतात. त्याऐवजी: ‘गटात ४० मिनिटं बसला, दोनदा उठून पाणी पिऊन आला, कानात ऐकू येणारे आवाज कालपेक्षा कमी आहेत म्हणाला.’ संध्याकाळच्या नर्सला यातून काहीतरी हाती लागतं.

सगळ्यात जड काम मात्र घरी पाठवायचं. सुट्टीनंतरचे पहिले आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने फार धोक्याचे असतात. म्हणून सुरक्षा योजना करतात. स्टॅन्ली आणि ब्राउन यांनी घडवलेला हा एक पानाचा कागद रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत भरायचा. त्याच्या पायऱ्या सहा: त्रास वाढतोय हे कशावरून कळतं, एकट्याने काय करता येईल, मन दुसरीकडे वळवायला कुठे आणि कुणाकडे जाता येईल, मदत कुणाकडे मागायची, कोणत्या तज्ज्ञाला किंवा नंबरला फोन करायचा, आणि घरातलं धोक्याचं साधन दूर कसं करायचं. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात हा कागद आणि नंतरचे फोन मिळालेल्या माजी सैनिकांमध्ये सहा महिन्यांतलं आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. फोन हा त्यातला अर्धा भाग; नुसता कागद हातात देऊन भागत नाही.

पहिल्या ओळीत ‘उदास वाटतं’ लिहिलं तर ती कुचकामी. ‘दोन दिवस वावरात गेलो नाही, जेवण ताटात तसंच, फोन उचलत नाही’ असं हवं. कारण ते बायकोलाही दिसतं. पाचव्या पायरीत तिकडे संकटकाळच्या हेल्पलाइनचा ९८८, आपल्याकडे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६.

सहाव्या पायरीत अमेरिकेत बंदुकीचं बोलणं निघतं. विदर्भात ते फवारणीच्या औषधाचं निघायला हवं. पेटीला कुलूप लावलं की झालं, असं वाटतं. पण श्रीलंकेतल्या १८० गावांत अशा कुलुपाच्या पेट्या वाटून पाहिल्या आणि २०१७ मध्ये निष्कर्ष आला की विषप्राशन त्याने कमी झालं नाही. घातक औषधांवरच्या बंदीने मात्र तिथे आत्महत्या खूप घटल्या. म्हणून जोखीम असलेल्या माणसाच्या घरात ते नकोच. पराटीवर (कपाशीवर) फवारणी असेल त्या दिवशी लागेल तेवढंच आणायचं, उरलेलं भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे. ‘कोठ्यात वर ठेवलंय’ हे उत्तर चालत नाही. कोण नेणार आणि कोणत्या वारी, हे नावासकट लिहून त्या माणसाला तिथूनच फोन लावायचा, मगच सुट्टीच्या कागदावर सही.