दुसऱ्या आडनावाचा रकाना

स्पॅनिश भाषा आणि हिस्पॅनिक संस्कृतीची पदवी मी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियातल्या घरी बसून, दूरशिक्षणाने करतेय. मुलं सांभाळून अभ्यास जमतो का, असं मैत्रिणी विचारतात. अभ्यास जमतो गं, जीव जातो तो प्रवेश मिळवताना.

भाषेच्या दाखल्याचं काहीच अडलं नाही. दिल्लीच्या इन्स्तितुतो सेर्व्हांतेसमध्ये, म्हणजे स्पेन सरकारच्या भाषा-संस्कृती केंद्रात, दिलेली डेले या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेची बी२ पातळी कामी आली. डेलेच्या प्रमाणपत्राला मुदत नसते, सिएले या दुसऱ्या स्पॅनिश परीक्षेचं मात्र पाच वर्षांनी संपतं.

अडलं ते नावापाशी. इथल्या प्रत्येक अर्जात तीन रकाने असतात: नाव, पहिलं आडनाव, दुसरं आडनाव. एक आडनाव वडिलांकडून, एक आईकडून. लग्न झालं म्हणून इथे बाईचं नाव बदलत नाही. आता माझे कागद बघा. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव, मग मी, मग बाबा. पासपोर्टवर माझ्या नावाला चिकटून नवऱ्याचं नाव आणि पुढे सासरचं आडनाव. दोन्ही कागदांत सारखं काय, तर फक्त माझं नाव. त्यात कागद स्पॅनिशमध्ये करून देणाऱ्या शपथबद्ध (सरकारमान्य) अनुवादकाने उत्साहाने बाबांचं नाव दुसरं आडनाव म्हणून टाकलं. म्हणजे आता तिसरीच बाई तयार!

प्रवेश कार्यालयाचं उत्तर आलं, की गुणपत्रिका अर्जदाराची दिसत नाही. मी विवाह नोंदणीचा दाखला पाठवला. त्यावर उत्तर: यावरून तुमचं लग्न झाल्याचं कळतं, नाव बदलल्याचं नाही. त्यांच्या बाजूने बरोबरच होतं ते, म्हणून तर जास्त चिडचिड झाली. मग नुसतीच ठरावीक ईमेल, ‘आपला अर्ज विचाराधीन आहे’. शेवटी फोन लावला. पलीकडच्या मुलाने अगदी सौजन्याने विचारलं, ‘सेन्योरा, यातलं तुमचं खरं आडनाव कोणतं?’ काय सांगणार कपाळ! दोन्ही खरी आहेत रे बाबा. नोंदणीची मुदत जवळ येत चाललेली, आणि मी रात्री आईला फोन करून जुन्या कपाटातले कागद उपसायला लावतेय.

सुटलं ते माद्रिदच्या भारतीय दूतावासातून मिळालेल्या दाखल्याने. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, एवढंच त्यात लिहिलेलं. तेवढ्यावर इतके दिवस रुतलेली गाडी हलली. ज्यांनी नावबदल राजपत्रात छापून घेतलाय, त्यांनी तो कागद अपोस्टिल करून (म्हणजे परदेशात चालावा म्हणून त्यावर सरकारी शिक्का घेऊन) जवळ ठेवावा. आणि अनुवादकाला आधीच बजावा, की मधलं नाव वडिलांचं आहे, आडनाव नव्हे.

अपोस्टिल आधी, अनुवाद नंतर. कारण अपोस्टिलच्या मजकुराचाही अनुवाद लागतो. महाराष्ट्रातले शैक्षणिक कागद आधी राज्य शासनाकडून साक्षांकित होतात, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल मागच्या बाजूला चिकटतं. म्हणूनच गुणपत्रिका लॅमिनेट करू नका! आपल्याकडे ती हौस दांडगी.

अभ्यासाला लागल्यावर इंका गार्सिलासो हा जुना लेखक भेटला. 1539 मध्ये पेरूतल्या कुस्कोत जन्मला, वडील स्पॅनिश कप्तान, आई इंका राजघराण्यातली. बाप्तिस्म्याचं नाव गोमेस सुआरेस दे फिगेरोआ. स्पेनमध्ये आल्यावर त्याने वडिलांचं नाव घेतलं आणि पुढे त्याला ‘इंका’ही जोडलं. याचा अर्ज आमच्या कार्यालयात गेला असता तर, असं मनात आल्यावाचून राहिलं नाही.

हां, विषय किती घ्यायचे ते. पदवी 240 क्रेडिटची, एका क्रेडिटला 25 ते 30 तास. वर्षाला 60 हे रिकामटेकड्यांचं काम, मी निम्मेच घेते. नापास झालात तर त्याच विषयाची पुन्हा नोंदणी महाग पडते, हेही धरून चाला.

अजून लग्न व्हायचं असेल आणि परदेशात शिकायचा विचार असेल, तर पासपोर्टवर नाव बदलणं सक्तीचं नाही, एवढं सासरी सांगून ठेवा. माझा पासपोर्ट आता नूतनीकरणाला आलाय. माहेरचं आडनाव परत लावायची फार इच्छा आहे, पण पदवी हातात पडेपर्यंत एका अक्षरालाही हात लावणार नाही.