सिंगल बेल, डबल बेल

काकांनी चप्पल काढून पायरीशी नीट जोडीने ठेवली, गाडीत चढले आणि काही न बोलता सरळ आडवे झाले. गाडी म्हणजे कॅराव्हॅन, आत राहता-झोपता येईल अशी करायला घेतलेली, आणि बेडवर अजून गादीसुद्धा नव्हती, नुसता प्लाय. मी समोर लॅपटॉप घेऊन उभी, माझं प्रेझेंटेशन उघडलेलं, त्यात पांढऱ्या भिंती, फिकट लाकडी लॅमिनेट, मॅक्रमेची, म्हणजे दोऱ्यांना गाठी मारून विणलेली लटकनं, फेअरी लाइट्स, सगळं कसं फोटोतल्यासारखं, आणि क्लायंट डोळे मिटून पडलेला. मी काकूंकडे बघितलं तर त्या म्हणाल्या, "झोपले असतील. त्यांना कुठेही लागते."

झोपले नव्हते. डोळे न उघडताच म्हणाले, "मॅडम, गाडी उताराला लागली तर?"

मला आधी कळलंच नाही. मला वाटलं हँडब्रेकबद्दल विचारतायत. मग त्यांनी उठून बसून समजावलं. तेहतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली कितीतरी वर्षं मुक्कामी गाडीवर, म्हणजे संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन आडगावात जायचं, रात्री तिथेच झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत. कधी देवळाच्या ओट्यावर, कधी कुणाच्या पडवीत, पावसात गाडीतच. "गाडी सपाटीलाच लागेल असं कोण म्हणलं तुम्हाला? जागा मिळेल तशी लावायची आणि डोकं चढाकडे करून झोपायचं. उलटं झोपलात तर सकाळी डोकं दगडासारखं जड."

आणि मी काय केलेलं? बेड गाडीच्या लांबीत, उशी मागच्या दाराकडे असं स्वतःच ठरवून टाकलेलं. वाचायचा दिवा, चष्म्याचा कप्पा, मोबाइलचं चार्जिंग, पंख्याचं बटण, सगळं एकाच टोकाला. गाडीचं नाक चढाला असलं की सगळ्या सोयी पायाशी. इतक्या साध्या गोष्टीचा विचार मी केला नव्हता कारण माझ्या आयुष्यातली सगळी घरं सपाट जमिनीवर आहेत.

जरा मागचं सांगते. मी पुण्यात फ्लॅटची इंटेरियर्स करते, गाडी हा त्यातला नवीन उद्योग, ही माझी चौथी. सेकंडहँड ट्रॅव्हलर मिनीबस काकांच्या मुलाने घेऊन दिलेली, सीटं काढणं, खिडक्या, गॅस-पाण्याची जागा, आरटीओची परवानगी हे सगळं फॅब्रिकेटरकडे. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी करायची तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 नावाचं वेगळं स्टँडर्डच आहे. त्या कागदांची फाइल काका स्वतः बगलेत घेऊन फिरायचे, मी कधी विचारलं नाही तरी दाखवायचे. माझं काम फक्त आतलं, गाडी घरासारखी वाटली पाहिजे एवढंच. वर्कशॉप वडकीला, दिवे घाटाच्या पायथ्याशी, हे पुढे महत्त्वाचं आहे.

तर त्या दिवशी काकांनी शटर ओढून घेतलं, गाडीतले दिवे बंद केले आणि मला म्हणाले, आता तुम्ही आडव्या व्हा आणि पाण्याची बाटली शोधा. मी हसले. मग शोधायला लागले आणि कोपर कपाटाच्या कोपऱ्यावर असं आपटलं की डोळ्यात पाणी. बाटली सापडली, पण झोपेत पाडली असती तर थेट गादीवरच. अंधारात काका शांतपणे म्हणाले, "दिवसा गाडी सगळ्यांनाच चांगली दिसते, पोरी." मॅडमची पोरी झाले ते तेव्हा.

मग आम्ही दोन तास तेच करत बसलो. कोण आडवं होणार, हात कुठे जातो, तिथे पेन्सिलने फुली. मूड बोर्ड वगैरे राहिला बाजूला. सगळे कोपरे गोल करायचे ठरले, दिवे दोन्ही टोकांना, चष्म्याला कडक कप्पा नको तर कापडी खिसा, तोही दोन्ही टोकांना, आणि बाटलीला सायकलला असतं तसलं होल्डर. फॅब्रिकेटरच्या पोरांनी 6500 केल्विनच्या पांढऱ्याफटक पट्ट्या लावलेल्या, ऑपरेशन थिएटरच म्हणा ना, त्या काढून 3000 च्या पिवळसर लावल्या. छताला आतून दहा एमएमचा नायट्राइल रबर होता म्हणून बरं, नाहीतर फेब्रुवारीतच पत्रा तापायला लागला होता. एसी हवा असं मुलाचं म्हणणं होतं, पण बॅटरी 12.8 व्होल्ट, 100 अँपियर-तासांची, म्हणजे झाली साधारण सव्वा युनिट, घरातला दीड टनी एसी तेवढ्यात जेमतेम तासभर चालेल. वीस वॉटचा पंखा मात्र रात्रभर फिरला तरी फार काही खात नाही. काका म्हणाले पंखा पुरे, फक्त समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटं उघड्या राहतील असा पडदा कर. बंद गाडीत दोन माणसं रात्रभर श्वास घेतात, सकाळी काचा आतून ओल्या, पांघरूणही दमट. हे त्यांना कुठल्या व्हिडिओत बघावं लागलं नव्हतं.

आता काकू. मी त्यांच्यासाठी खास खणाचे कुशन कव्हर काढून ठेवलेले, म्हटलं मराठी टच, खूश होतील. त्यांनी कापड बोटात धरलं आणि म्हणाल्या, "खण चोळीला. त्यावर बसायचं कसलं?" विषय संपला. पडद्यांसाठी माझ्याकडे लिननचे सॅम्पल होते, सगळे मोतिया, आयव्हरी, ऑफव्हाइट. "हे धुणार कोण?" एवढंच. मग त्यांनी पिशवीतून दोन सोलापुरी चादरी काढल्या, नव्याकोऱ्या, गडद जांभळट-मरून, आणि म्हणाल्या याचे पडदे करा. मी मनात नाक मुरडलं, खरं सांगते. पण लावून बघितलं आणि गप्प झाले. जाड विणीतून उजेड येत नाही, दोन्ही बाजूंनी नक्षी असते त्यामुळे आतून-बाहेरून सारखंच चांगलं दिसतं, अस्तर लागत नाही, आणि धूळ दिसत नाही. फक्त वजनदार. नुसती वरची तार टिकली नसती आणि वळणावर पडदा झुलून ओट्यावर आला असता, म्हणून जाड पट्टी बसवली आणि खालूनही एक तार घेतली. शेगडीच्या वरच्या खिडकीला मात्र पडदाच नाही, तिथे नुसती दुधी फिल्म, आगीजवळ कापड मला चालत नाही.

एक आयव्हरी उशी तरीही मी गुपचूप ठेवलीच. इंटेरियरवाल्यांची खोड.

पंधरा दिवसांनी सगळं बसल्यावर ट्रायल. गाडी वर्कशॉपच्या पोराने चालवायची, काका मागे. मला वाटलं काका स्टिअरिंग सोडणार नाहीत, पण ते म्हणाले मला ऐकायचंय. मागच्या बेल्टवाल्या सीटवर डोळे मिटून बसले आणि घाट सुरू झाल्याबरोबर बोट दाखवायला लागले. "तिथे." ताटं. काकूंनी लगेच ताटाताटात नॅपकिन घातले. "ते वरचं." कपाटाची बिजागरी. "आणि ते काय टिकटिक करतंय?" ती माझी पितळी हँगरची हौस होती, भिंतीवर हलत होती. काढली. मॅक्रमे तर आधीच गेलेला. रिकाम्या गाडीत ज्या वस्तू नुसत्या छान दिसतात त्यातल्या निम्म्या वस्तू घाटात तुम्हाला वेड लावतात.

तिसऱ्या का चौथ्या वळणाला मधला ड्रॉवर सुटला. लोहचुंबकाचा कॅचर होता, घरात चालतो, वळणावर भरलेल्या ड्रॉवरला काय धरून ठेवणार. आत काकूंनी हौसेने भरलेला मिसळणाचा डबा. तो आला बाहेर, झाकण एकीकडे, मोहरी सगळ्या गाडीभर टपटपत पसरली, आणि हळद बरोब्बर त्या आयव्हरी उशीवर. पोराने गाडी बाजूला घेतली. मला रडू येईल की काय असं झालं, कारण ड्रॉवर माझ्या ड्रॉइंगप्रमाणे होता, दोष दुसऱ्या कुणावर टाकता येत नव्हता. काकू उशी झटकत म्हणाल्या, "बघा, आता कशी दिसते चांगली." सगळ्या ड्रॉवरला दुसऱ्याच दिवशी दाबून लॉक होणारी बटणं बसवली. मोहरी अजून निघत असेल कुठूनतरी.

आणि परत येताना काकांनी ती मागणी केली. पिशवीतून एक गोल घंटी काढली, रविवारी जुन्या बाजारातून आणलेली, आणि म्हणाले ही माझ्या डोक्याशी लाव आणि मागच्या सीटपर्यंत छताखालून दोरी ने. एसटीत कंडक्टर ओढायचा तशी. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

मी म्हटलं, काका, गाडीत मध्ये भिंत नाहीये, काकू हाक मारतील की.

"ती कुठली हाक मारते. नाव घेत नाही, आणि अहो म्हणलेलं इंजिनात ऐकू येत नाही."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या, पण हसत होत्या.

मग काय, आयहुक लावले, प्रत्येक हुकात रबरी बुश घातला म्हणजे दोरी नुसती हलली तर आवाज होणार नाही, आणि दोरीच्या टोकाला काकूंनी स्वतः लोकरीचा गोंडा केला, लाल. अख्ख्या गाडीत डेकोरेशन म्हणावं असं तेवढंच. बाकी गाडीचे फोटो मी पोर्टफोलिओला काढले तर त्यात बघण्यासारखं फारसं काही दिसतच नाही, जांभळट पडदे, गोल कोपरे, खिसे. इन्स्टावर अगदीच कमी लाइक्स आले.

डिलिव्हरीच्या दिवशी काका पुढे बसले, काकू मागे. टण्ण टण्ण. गाडी निघाली.

आठवड्याभराने फोन आला, गुहागरहून. काका वैतागलेले. "पोरी, ती दोरी आखूड करून दे. ही दर दहा किलोमीटरला सिंगल मारते. एकदा करवंदं, एकदा कुणाचं तरी घर छान दिसलं म्हणून. मी आयुष्यात गाडी एवढी लेट आणली नाही."

एवढ्यात मागून घंटी वाजली, एकच टोला. काका म्हणाले, "आता उभ्या गाडीत कशाला?"

काकूंचा आवाज आला, "चहा झालाय."