टॅग केलेली पीडीएफ आणि आडवा आलेला रफार

वर्डच्या फाईलमधून टॅग केलेली पीडीएफ, म्हणजे शीर्षक कुठलं, तक्ता कुठला हे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या खुणा आत असलेली पीडीएफ, काढणं अवघड नाही, हे आधीच सांगते. माझा पावसाळा गेला तो फॉन्ट बदलायची परवानगी मिळवण्यात.

मी सांगलीत डीटीपीची कामं करते. एका कार्यालयाची पूरमाहितीची पुस्तिका माझ्याकडे आली. आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं की कोणत्या भागात शिरतं याचा तक्ता, निवारा केंद्रं, फोन नंबर, असं सगळं त्यात होतं. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं आम्ही पाहिलंय, त्यामुळे हा तक्ता इथं घरोघरी लागतो. ज्यांना दिसत नाही त्यांना तर जास्तच, कारण घर सोडायला त्यांना वेळ लागतो. आमच्या गल्लीतले काका पूर्ण दृष्टिहीन आहेत. ते संगणकावर एनव्हीडीए लावून वाचतात. हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठीही बोलतो. कच्ची पीडीएफ मी त्यांना पाठवली.

"अगं, काय बडबडतंय हे? एक शब्द कळंना."

मजकूर जुन्या डीटीपी फॉन्टमधला होता. असल्या फॉन्टमध्ये मराठी फक्त डोळ्यांना दिसतं, फाईलच्या आत इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं असतात. स्क्रीन रीडर आतलं वाचतो. त्यावर टॅग कितीही नीट लावले तरी काकांना डॉलर आणि कंसच ऐकू येणार.

मजकूर युनिकोडमध्ये घेते, म्हणजे फाईलच्या आतही खरी मराठी अक्षरं येतील, असं मी कार्यालयाला कळवलं. उत्तर आलं, "मंजूर मजकुरात बदल करता येणार नाही. साहेबांची सही झालीय." मी म्हटलं, मजकूर तोच राहील, काना-मात्राही हलणार नाही, फक्त फॉन्ट बदलेल. "मग बदल झालाच की." फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहिली. प्रत्येक टेबलावर पीडीएफ उघडायची, आणि "छान दिसतंय की" म्हणून मिटायची. दृष्टिहीनांना पीडीएफ वापरता येईल का हे तपासणारं सॉफ्टवेअर असतं, कुणीतरी ती त्यातूनही काढली. अहवालात सगळं हिरवं आलं आणि तोच कागद माझ्यापुढे धरला. तेव्हा मात्र माझा संताप झाला. ते सॉफ्टवेअर टॅग आहेत का, भाषा नोंदवली आहे का, चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे त्याचं शब्दांतलं वर्णन, आहे का, असल्या गोष्टी बघतं. आतल्या अक्षरांना अर्थ आहे का, हे त्याला कळत नाही. तुमच्यापुढे कुणी असा हिरवा अहवाल धरला तर गप्प बसू नका.

शेवटी मी पीडीएफमधलं पहिलं पान कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकलं, आलेल्या कचऱ्याची प्रिंट काढली आणि पत्राला जोडली. पत्रात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम ४२ लिहिलं. माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात मिळावी, याची जबाबदारी त्यात सरकारवर टाकली आहे. कलमाचा आकडा बघून फाईल हलली. तोवर कृष्णा चढायला लागली होती.

परवानगीनंतर जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये नेणारा कन्व्हर्टर चालवला आणि रफारांनी छळलं. सूर्यवंशी प्लॉटचा 'सूयर्वंशी' झाला, आयर्विनचा 'आयविर्न', कर्नाळ रोडचा 'कनार्ळ'. नेमकी पाणी शिरणाऱ्या भागांचीच नावं मोडली. 'र्' शोधून एकेक शब्द हाताने सुधारला. इथे रिप्लेस ऑल मारू नका, बरोबर असलेले शब्दही बिघडतील. काका शेजारी बसून ऐकत होते. माझ्या नजरेतून निसटलेले रफार त्यांच्या कानांनी पकडले.

तक्ताही खरा नव्हता, टॅब मारून आणि वर रेघा ओढून केलेला होता. इन्सर्ट टेबलने नव्याने केला, एकही सेल मर्ज केला नाही आणि पहिल्या ओळीला 'रिपीट हेडर रोज' लावलं, म्हणजे ती मथळ्यांची ओळ आहे हे स्क्रीन रीडरला कळतं. शीर्षकं नुसती ठळक न करता हेडिंग स्टाईलमध्ये घेतली. भाषा मराठी ठेवली आणि नकाशाला पर्यायी मजकूर लिहिला. मग सेव्ह अ‍ॅज, पीडीएफ, ऑप्शन्स, आणि तिथे डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्जवर खूण. प्रिंट टू पीडीएफने काढू नका, टॅग येत नाहीत. लिबरऑफिस वापरत असाल तर एक्सपोर्टच्या खिडकीत टॅग्ड पीडीएफ आहे आणि ७.० आवृत्तीपासून पीडीएफ/यूए या दिव्यांगांना वापरता येणाऱ्या पीडीएफच्या मानकाचाही पर्याय आहे.

हो, तयार झालेली पीडीएफसुद्धा पुन्हा नोटपॅडमध्ये उतरवून बघा. मूळ फाईल युनिकोड असली तरी पीडीएफ काढताना वेलांट्या आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होऊ शकतात.

काकांनी तक्त्यात कंट्रोल-ऑल्ट धरून उजवा बाण दाबला. "पाणी शिरणारा भाग, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट," असं स्वच्छ ऐकू आलं. मला फार बरं वाटलं, आणि अभिमानही वाटला.

युनिकोडमधली वर्डची फाईल मी कार्यालयात पोच घेऊन दिली आहे. पुढच्या वर्षी आकडे बदलले आणि हे काम तुमच्याकडे आलं तर तीच मागा. जुन्या फॉन्टची फाईल पुढे केली तर घेऊ नका.