चार लाख चाळीस हजार एक

दुपारचं जेवण झालं, ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही, कूलर घरघरतोय आणि झोपायचं सोडून मी लिफाफ्यावरचा पिनकोड बघत बसलो. ४४०००१. आपलं नागपूरचं जीपीओ. लहानपणापासून हा नंबर बघतोय पण त्याला कितीनं भाग जातो हे कधी बघितलंच नाही, कमाल आहे, एरवी सिग्नलला समोरच्या स्कूटरचा नंबरसुद्धा मी हिरवा लागेपर्यंत तोडत असतो.

ही खोड आजोबांची. इतवारीतून किराणा आला की बिलाची बेरीज दुकानदारानं केलेली असायची, तरी आजोबा कानावरची पेन्सिल काढून नवाचा ताळा घ्यायचेच, म्हणजे नऊ टाकून देत अंकांची बेरीज करायची आणि ती दोन्हीकडे जुळते का बघायचं. नऊ दिसला की खोडायचा, ४ आणि ५ शेजारी आले की दोघांवर मिळून एकच आडवी रेघ, उरलेलं बोटांच्या पेरांवर. जुळलं की मगच चहा. ७२ च्या जागी २७ लिहिले तर ताळ्याला पत्ताच लागत नाही, असं मी म्हटलं तर म्हणे, "काहून रे, लय शहाणा झाला का?"

तर ४, ४ आणि १ मिळून नऊ, म्हणजे नवानं भाग गेला, उरले ४८८८९. आणि इथून पुढं हे महाराज ऐकेचनात. सातानं बाकी १. सत्त्याण्णवनंही बाकी १! मोबाईलवर एकेक करत २११ पर्यंत गेलो, त्यापुढं जायचं कारणच नाही, पुढची मूळ संख्या २२३ आणि तिचा वर्गच ४९ हजारांच्या वर. म्हणजे ४८८८९ मूळ संख्या. गंमत म्हणजे अलीकडचा ४४०००० किती मोकळाढाकळा, तब्बल ७० विभाजक, कोणीही या आणि भाग घेऊन जा. एक पाऊल पुढं आलं की फक्त सहा. शेजारी शेजारी राहून दोघांत १ सोडून एकही विभाजक सारखा नाही.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले, त्यामागं श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतात कविता करणारा माणूस. त्यांनी नंबर वाटताना भागाकार थोडाच बघितला असेल.

मग मी मधली शून्यं काढून बघितली. ४४१ म्हणजे २१ चा वर्ग. एकेक शून्य वाढवत नवानं भागत गेलं की ४९, ४८९, ४८८९, ४८८८९, मध्ये नुसते आठ घुसत जातात. आता एक शून्य जास्तीचं टाकलं, ४४००००१, नवानं भागलं, ४८८८८९ आले, त्यांची बेरीज ४५ म्हणून परत नवानं, तर उत्तर ५४३२१. अक्षरशः ५, ४, ३, २, १! उठून बसलो राव. बायकोला सांगितलं तर ती म्हणे, बरं मग?

मग काही नाही. पोस्टानं कधी सात अंकी पिन आणले तर बघू.